रेडिओ खणखणीत, प्लेअर मात्र पुटपुटतो: गाडीतल्या बारीक आवाजाचे निदान

ही तक्रार माझ्याकडे येते तेव्हा तिचे शब्दसुद्धा जवळपास ठरलेले असतात. गाडीतला रेडिओ व्यवस्थित वाजतो, १०१ वरच्या विविध भारतीचे निवेदन डेकचा (गाडीत बसवलेल्या म्युझिक सिस्टीमचा) आवाज बारावर असतानाही स्पष्ट ऐकू येते. पण ऑक्सच्या (बाहेरचे यंत्र जोडण्याच्या सॉकेटच्या) वायरने प्लेअर किंवा मोबाइल जोडला की तोच आवाज तिसावर नेऊनही गाणे शेजारच्या घरात लागल्यासारखे येते. मग कोणीतरी पुन्हा रेडिओ लावतो, आवाज कमी करायला विसरतो आणि गाडीतले सगळे दचकतात. सोसायटीतल्या आणि नात्यागोत्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मी हा दोष शोधला आहे आणि बहुतेक वेळा तो स्पीकरमध्येही नव्हता आणि डेकमध्येही नव्हता. म्हणून दुकानदाराने ‘ॲम्प्लिफायर बसवून घ्या’ असे सुचवले असेल, तर पैसे देण्यापूर्वी पुढील तपासण्या उभ्या गाडीत, स्वतःच्या पार्किंगमध्ये करून पाहाव्यात.

आधी लक्षण नेमके ओळखावे

‘आवाज कमी येतो’ एवढ्या वर्णनाखाली निदान पाच-सहा वेगवेगळे दोष लपलेले असतात. दोन्ही बाजूंनी गाणे स्वच्छ पण बारीक येत असेल, तर प्लेअरचे आउटपुट किंवा कुठलीतरी सेटिंग कमी आहे असे समजावे. एकाच बाजूने येत असेल, तर वायर, पिन किंवा बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाची वाटणी) यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. तबला, व्हायोलिन ऐकू येतात पण गायकच नाहीसा झाला आहे आणि उरलेले संगीत पोकळ वाटते, असे असेल तर वायरीतला ‘अर्थ’ (दोन्ही बाजूंच्या संकेतांची परतीची सामाईक तार) तुटलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. आवाज बारीक आहे आणि सोबत इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिटी आहे, तर चार्जरकडे पाहावे. खड्ड्यात गाडी आदळली की आवाज येतो-जातो, तर जोडणी ढिली आहे. आणि रेडिओसकट सगळेच बारीक झाले असेल, तर प्लेअरचा काहीच दोष नाही. त्या वाचकाने मधला भाग सोडून थेट स्पीकरच्या तपासणीकडे जावे.

रेडिओ स्वतःला बारीक वाटतो, पण मागे बसलेल्या नातवाला मोठा वाटतो, अशी स्थिती असेल तर तपासणी गाडीची करायची नसते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

मुळात फरक पडतो कशामुळे

इअरफोन कानातच बसत असल्यामुळे त्याला अगदी थोडी शक्ती पुरते. त्यामुळे खिशातल्या प्लेअरचे किंवा मोबाइलचे हेडफोन आउटपुट पूर्ण आवाजावरसुद्धा साधारण अर्धा ते एक व्होल्ट इतकेच असते. घरातल्या सीडी प्लेअरचे लाइन आउटपुट दोन व्होल्टपर्यंत जाते, आणि रेडिओचा संकेत तर डेकच्या आतच तयार होत असल्यामुळे त्याची पातळी कंपनीने आधीच जुळवलेली असते. ऑक्समधून नेमके काय येणार हे मात्र डेक बनवणाऱ्याला माहीत नसते. कोणी दोन व्होल्ट देणारे यंत्र जोडले तरी आवाज फाटू नये, या हिशेबाने तो इनपुटची संवेदनशीलता बेताची ठेवतो, आणि त्याचा फटका लहान प्लेअरला बसतो.

त्यातही युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेअरची तऱ्हा निराळी असते. कानांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या तिथल्या मानकात, ज्या प्लेअरला कोणताही इअरफोन लावता येतो त्याचे कमाल आउटपुट १५० मिलिव्होल्टवर मर्यादित केलेले आहे. म्युनिक किंवा स्टुटगार्टहून मुलाने आणलेला प्लेअर ज्यांच्या टेबलावर आहे अशी घरे पुण्यात कमी नाहीत, आणि ‘इतका महागाचा प्लेअर, आणि गाडीत आवाजच नाही’ ही त्यांची हळहळ मी अनेकदा ऐकली आहे. एक व्होल्ट देणाऱ्या मोबाइलच्या तुलनेत असा प्लेअर सुमारे १६ डेसिबलने खाली असतो. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी जाणवते, हे ध्यानात घेतले म्हणजे तफावत किती मोठी आहे ते कळते. असा प्लेअर बिघडलेला नसतो, आणि त्याच्यासाठी डेक बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

पहिली तपासणी: अदलाबदल

या तपासणीला एक पैसाही लागत नाही, आणि पुढचे सगळे काम तिच्यावर अवलंबून असते. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, प्लेअरवर एखादे ओळखीचे गाणे लावावे. मग तीच वायर न काढता फक्त प्लेअरच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी मोबाइल जोडावा. त्या मोबाइलचा आवाज भरघोस आला, तर वायर, डेक आणि स्पीकर हे तिघेही निर्दोष ठरतात आणि शोध प्लेअरपुरता उरतो. मोबाइलचाही आवाज बारीकच आला, तर आता वायर बदलून पाहावी. तरीही फरक पडला नाही, तर तो प्लेअर त्याच वायरीने घरातल्या म्युझिक सिस्टीमला लावावा; तिथे तो नीट वाजला तर डेकची सेटिंग किंवा डेकचा सॉकेट पाहायला हवा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वायर आणि मोबाइल एकदम बदलून ‘आता आला बरं का आवाज’ म्हणणाऱ्याला दोष कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो.

दुसरी तपासणी: प्लेअरच्या आतल्या मर्यादा

प्लेअरचा आवाज कमाल पातळीच्या ८० ते ९० टक्क्यांवर ठेवावा आणि लागेल तेवढी वाढ-घट डेकच्या नॉबने करावी. अनेकांची सवय नेमकी उलटी असते: प्लेअर निम्म्यावर आणि डेक शेवटच्या टोकाला. तसे केल्यास डेक कमकुवत संकेताबरोबर त्यातली खरखरही वाढवतो. शंभर टक्क्यांवर मी सहसा नेत नाही, कारण काही जुने प्लेअर शेवटच्या टप्प्यात, विशेषतः बास वाढवलेला असताना, आवाज फाडतात.

एवढे करूनही आवाज बारीक असेल, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाजाला कुलूप लावलेले आहे का ते शोधावे. २००६ पासूनच्या आयपॉडमध्ये ‘व्हॉल्यूम लिमिट’ असते, सोनीच्या वॉकमनमध्ये ‘एव्हीएलएस’ या नावाची मर्यादा असते, आणि आयफोनमध्ये हेडफोनच्या सुरक्षिततेच्या सदरात मोठे आवाज कमी करण्याचा पर्याय असतो. यंत्राला पिन खोचली गेली एवढेच कळते; पलीकडे कान आहे की गाडीचा डेक आहे हे त्याला कळत नाही, म्हणून ही मर्यादा गाडीतही लागू होते. ती काढल्यास इअरफोन लावण्यापूर्वी आवाज आठवणीने खाली आणावा. मुलांच्या हाती तोच प्लेअर जात असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे.

त्यानंतर इक्वलायझर पूर्ण बंद करून पाहावा. बास वाढवणारे बरेचसे तयार पर्याय, संकेत फाटू नये म्हणून, एकूण पातळी आधी खाली ओढतात. त्यामुळे ‘बास बूस्टर’ निवडणाऱ्याला गाडीत आवाज कमी झालेला दिसतो आणि तो डेकला दोष देतो. ‘साउंड चेक’ किंवा ‘रिप्लेगेन’ यांसारखी, सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोयही बहुतेक नव्या गाण्यांचा आवाज उतरवतेच. तीसुद्धा तात्पुरती बंद करावी.

कधी कधी दोष गाण्यातच असतो. घरातल्या जुन्या कॅसेटवरून कोणीतरी हौसेने संगणकात उतरवलेली नाट्यगीते किंवा बैठकीची ध्वनिमुद्रणे फार खालच्या पातळीवर भरलेली असतात. अलीकडचे एखादे चित्रपटगीत लावून तुलना केली की हे पाच मिनिटांत कळते. अशा एमपी३ फायलींची पातळी त्यांचा दर्जा न घालवता वाढवता येते. त्यासाठीचे ‘एमपी३गेन’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि ते दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी पातळी वर-खाली करते.

तिसरी तपासणी: डेकच्या मेन्यूमधली विसरलेली पाने

अनेक डेकमध्ये प्रत्येक स्रोताची पातळी स्वतंत्रपणे जुळवण्याची सोय असते, आणि ती वापरणारा मालक मला क्वचितच भेटला आहे. पायोनिअरच्या डेकमध्ये तिला ‘एसएलए’ म्हणतात. तिथे एफएमची पातळी प्रमाण धरून बाकीचे स्रोत वर किंवा खाली आणता येतात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांमध्ये ऑक्ससाठी हळू, मध्यम आणि मोठा असे तीन पर्याय मेन्यूत असतात, आणि ते पहिल्यावर असेल तर मोबाइल कितीही चढवला तरी आवाज दबलेलाच राहतो. पर्यायाचे नाव कंपनीगणिक बदलते, म्हणून हातमोज्याच्या कप्प्यातली पुस्तिका एकदा काढावी. तिचे प्लास्टिक अजून फोडलेले नसेल तर तेही यानिमित्ताने होईल.

याच मेन्यूत फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधली वाटणी) आणि बॅलन्स मध्यावर आहेत ना ते पाहावे. वेगाप्रमाणे आवाज वाढवणारी सोय चालू असेल, तर उभ्या गाडीत आवाज कमी आणि द्रुतगती मार्गावर जास्त असणे हा दोष नव्हे. रिव्हर्सच्या सेन्सरने आवाज दाबणे हेही हेतुपुरस्सर असते. गिअर काढल्यावर तो पूर्ववत होत नसेल तरच चिंता करावी.

चौथी तपासणी: पिन, सॉकेट आणि वायर

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दोष इथे सापडतात, म्हणून इथे थोडे थांबू. ३.५ मिलिमीटरची पिन सॉकेटमध्ये पूर्ण बसल्यावर एक हलकासा ‘टक’ जाणवतो. मोबाइलच्या जाड कव्हरमुळे पिन शेवटच्या मिलिमीटरभर बाहेर राहिली, तरी तिचे टप्पे चुकीच्या पात्यांना टेकतात. कव्हर काढून पाहावे. ज्या मोबाइलमध्ये अजून सॉकेट आहे तो खिशात राहून त्यात कापडाचे तंतू भरतात, आणि पिन दाबताना त्यांची घट्ट गादी तयार होते. यंत्र बंद करून, विजेरीच्या उजेडात, लाकडी टूथपिकच्या टोकाने ती हळूच उपसून काढावी. टाचणी किंवा सेफ्टी पिन वापरू नये. आतली पाती नाजूक असतात आणि एकदा वाकली की सॉकेटच बदलावा लागतो.

आता गायक नाहीसा होण्याविषयी. साध्या स्टिरिओ पिनवर तीन टप्पे असतात: टोकाला डावी बाजू, मधल्या कड्यावर उजवी बाजू आणि मुळाशी दोघांचा सामाईक अर्थ. हा अर्थ तुटला की डाव्या-उजव्या संकेतांना परतीची वाट राहत नाही आणि स्पीकरवर त्या दोहोंमधला फरक तेवढा पोचतो. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असल्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो, आणि बाजूबाजूची वाद्ये उरतात. गंमत अशी, की अशा वेळी मोबाइलला गाडीतला चार्जर लावला की गायक परत येतो, कारण अर्थाला चार्जरच्या वाटेने रस्ता मिळतो. मात्र त्याच वाटेने अल्टरनेटरची (इंजिनावर चालून वीज देणाऱ्या यंत्राची) शिटीही आत येते. चार्जर लावला की गायक येतो आणि काढला की जातो, असे दिसले तर पुढे काही तपासू नये. वायर टाकून द्यावी.

नवी वायर घेताना पिनवरच्या काळ्या रेघा मोजाव्यात. दोन रेघा म्हणजे तीन टप्प्यांची पिन, आणि ऑक्ससाठी तीच सरळ पडते. तीन रेघांची, म्हणजे माइकसकट चार टप्प्यांची पिन काही डेकच्या सॉकेटमध्ये अर्थाच्या जागी नीट टेकत नाही आणि वर सांगितलेलीच लक्षणे दिसू लागतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चांगल्या जाडीची, मोल्ड केलेल्या पिनची वायर सहज मिळते. वायरीच्या मध्ये आवाज कमी-जास्त करण्याचे चाक असेल तर ती घेऊच नये; ते चाक खाली सरकलेले राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

शिटी घालवण्यासाठी पूर्वी कोणी वायरीत आयसोलेटर बसवला असेल, तर तो काढून पाहावा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आणि स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये ते खर्जाबरोबर एकूण आवाजही खातात. शिटी चार्जरमुळेच असेल तर प्लेअर घरून चार्ज करून नेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वायर नसलेल्या जोडण्या

ब्लूटूथवर काही गाड्यांत मोबाइलचा आणि डेकचा आवाज एकमेकांशी बांधलेला नसतो. दोन्ही वेगवेगळे वाढवावे लागतात. मोबाइलवर गाणे चालू असतानाच बाजूची बटणे दाबावीत, नाहीतर रिंगचाच आवाज वाढतो. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर पर्यायांत ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ निष्क्रिय करण्याची सोय आहे. ती बदलल्यावर दोन्ही नियंत्रणे स्वतंत्र होतात आणि अडकलेली पातळी बहुधा सुटते. त्याआधी जोडणी दोन्हीकडून पुसून नव्याने करावी.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर मला स्वतःला आवडत नाही, पण ऑक्स नसलेल्या जुन्या गाडीत तो अपरिहार्य असतो. त्याचा संकेत फार क्षीण असतो, त्यामुळे पुण्यात ९१.१, ९८.३ किंवा १०१ यांच्या शेजारी त्याला बसवले तर मोठे केंद्र त्याला दाबून टाकते. रिकामी, निव्वळ खरखर ऐकू येणारी जागा शोधून मगच ट्रान्समीटर तिथे लावावा आणि प्लेअरचा आवाज ८० टक्क्यांवर न्यावा.

मग पैसे कुठे घालावेत

वरचे सारे निर्दोष निघाले आणि प्लेअरच अशक्त ठरला, तर हेडफोनची वाट सोडणे हा खरा उपाय होय. तीस पिनांच्या जुन्या आयपॉडला खालच्या जोडणीतून लाइन आउट मिळते. त्याची वायर वेगळी असते आणि तिची पातळी प्लेअरच्या आवाजाच्या बटणावर अवलंबून नसते. डेकला यूएसबी असेल तर गाणी एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर भरून टाकावीत. मग हेडफोन आउटपुट, पिन आणि वायर या तिन्ही कटकटी एकदम संपतात. प्लेअरच वापरायचा असा आग्रह असेल, तर मध्ये एक छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर जोडता येतो. मोठा ॲम्प्लिफायर मात्र इथे उपयोगाचा नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. १६ डेसिबलची तूट त्याने भरत नाही, आणि रेडिओ मात्र असह्य होतो.

रेडिओसकट सगळेच बारीक असेल तर

फेडर एकेका टोकाला नेऊन चारही स्पीकर वेगवेगळे ऐकावेत. पुण्याच्या पावसाळ्यानंतर पुढच्या दाराचा स्पीकर बसणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी स्पीकरच्या कागदी कोनावर (थरथरणाऱ्या शंकूवर) येते. खर्ज एकाएकी गेला असेल आणि अलीकडेच कोणी स्पीकर बदलला असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्याची शंका घ्यावी; दोन कोन विरुद्ध दिशांनी हलले की खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. मल्टिमीटर हाताळण्याची सवय असलेल्याने, डेक बंद करून आणि स्पीकरची तार सुटी करून, त्याचा रोध मोजावा. चार ओमचा स्पीकर साधारण तीन ते चार ओम दाखवतो. काटा अनंताला गेला तर कॉइल तुटली आहे. स्पीकर नीट आणि तार तुटकी, असे असेल तर ती बहुधा दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटलेली असते.

इथे हात थांबवावा

दाराचे पॅनल उघडणे, डॅशबोर्ड काढणे किंवा डेक ओढून बाहेर काढणे ही पायरी आली की घरचे काम संपले असे समजावे. डॅशबोर्डमध्ये, स्टिअरिंगखाली आणि काही गाड्यांत दारांतही एअरबॅगच्या वायरी असतात; त्यांचे कनेक्टर सहसा पिवळे असतात, आणि त्यांना मल्टिमीटरची टोके लावणे धोक्याचे आहे. डेकच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एकीला गाडीच्या बॉडीला टेकवून पाहण्याची युक्ती काही जण सांगतात, ती तर कदापि करू नये. आजच्या डेकमध्ये दोन्ही तारांवर बॅटरीच्या जवळपास निम्मा व्होल्टेज असतो, आणि बॉडीला लागताच आतली ॲम्प्लिफायरची आयसी जळू शकते. डेक चालू करताच स्पीकरमधून मोठा ठोका येऊन कोन एका बाजूला तसाच ताणलेला राहत असेल, जळका वास येत असेल किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर डेक त्याच क्षणी बंद करावा. मोठा फ्यूज घालून काम रेटू नये.

डेक कंपनीचाच असेल आणि गाडी वॉरंटीत असेल, तर ती अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्यावी. डेक नंतर बसवलेला असेल, तर अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन पुरतो. त्याला ‘आवाज कमी आहे’ एवढेच न सांगता कोणती तपासणी केली आणि प्रत्येकीत काय आढळले ते क्रमाने सांगावे, म्हणजे तो उगाच पहिल्यापासून उकरत बसत नाही. मूळ वायरिंगची लूम (तारांचा जुडगा) कापू नये, जोडणी कप्लरनेच (खोचून बसणाऱ्या जोडणीनेच) करावी, असे आधीच बजावावे. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, चार्जर लावून आणि काढून, रेडिओ व प्लेअर आलटून पालटून लावून पाहावेत. दाराचे पॅनल उघडले असेल तर ते बसवण्यापूर्वी आतला प्लास्टिकचा पडदा चारही बाजूंनी परत चिकटवला आहे की नाही, हे तिथेच उभे राहून पाहावे. तो अर्धवट सोडला तर पहिल्याच पावसात पाणी थेट नव्या स्पीकरवर येते.